बावन्नाव्या वर्षी पक्की झालेली मांड

ती कुमैत घोडी माझ्या शेतावर टेम्पोतून आली, डोळ्यांवर पोतं बांधलेलं. अंग गडद तांबूस, आयाळ आणि शेपटी काळीभोर. वरातीत नाचणारी घोडी होती ती. तिचा मालक आमच्याच तालुक्यातला. माझ्याकडं दोरी देताना म्हणाला, "मास्तर, हिनं दोन नवरदेव पाडले. एक तर मुंडावळ्यासकट नालीत गेल्ता. आता हिला कुणी बोलवून न्हाई राह्यलं. तुम्हीच ठेवा."

मी पोतं सोडलं. घोडीनं कान मागं टाकले आणि माझ्याकडं असं पाहिलं, जसं एखादं माणूस नव्या ठाण्यात बदली झाल्यावर नव्या साहेबाकडं पाहतं. तिच्या ओठांच्या दोन्ही कडा कडक झाल्या होत्या, जुन्या जखमांनी. टेम्पोत तिचा लगाम पडलेला होता. तोंडात जाणाऱ्या लोखंडाला बारीक काटे. असा लगाम जरासा ओढला तरी घोडी नाचते, आणि बघणाऱ्यांना वाटतं वाजंत्रीवर खूश होऊन नाचतेय. तो लगाम मी त्याच दिवशी भंगारात टाकला.

माझ्याबद्दल थोडं सांगायला पाहिजे. मी पोलिसांच्या अश्वदलात बावीस वर्षं काढली. आधी स्वार म्हणून, नंतर शिकवणारा म्हणून. निवृत्ती घेऊन वाटूरजवळ आपल्या शेतावर आलो. बाकीच्या रानात सोयाबीन, आणि रस्त्याच्या कडेच्या तुकड्यात माती भुसभुशीत करून एक गोल रिंगण केलं. त्यात मी घोडे शिकवतो, आणि घोड्यावर बसणारेही. लोक मला चाबूकस्वार म्हणतात. जुना शब्द आहे, घोडे शिकवणाऱ्यासाठीचा. पण चाबूक माझ्याकडं नाही. मला ज्या उस्तादांनी शिकवलं त्यांच्याकडंही नव्हता. ते दख्खनी बोलणारे, बारीक अंगाचे, तोंडात कायम लवंग ठेवणारे. नोकरीच्या पहिल्या महिन्यात मी एका घोड्यावर ओरडत होतो, तेव्हा ते शांतपणे म्हणाले होते, "घोडा बहरा नई है रे. तू हकला रहा है."

घोडा बहिरा नाही, तूच तोतरं बोलतोयस. माझं सगळं शिक्षण त्या एका वाक्यावर उभं आहे. घोड्याला एका वेळी एकच गोष्ट सांगायची. ती त्याला कळली की ताबडतोब सांगणं बंद करायचं. तो विचार करत असेल तेवढा वेळ गप्प बसायचं. ऐकायला सोपं वाटतं. करायला बसलं की आपला हात, आपला पाय आणि आपलं तोंड तीन वेगळ्या गोष्टी सांगत असतात, हे ध्यानात यायला वर्षं जातात.

कुमैत घोडीला मी पहिला महिनाभर काहीच सांगितलं नाही. सकाळी रिंगणात तिला मोकळं सोडायचो आणि मधोमध पालथी बादली ठेवून तिच्यावर बसायचो. पेपर वाचायचो. बाजूच्या शेतातले लोक बांधावर थांबून विचारायचे, "घोडीला बातम्या वाचून दाखवून राह्यले का?" मी म्हणायचो, "हौ. तिला राजकारण कळायला लागलंय." घोडी पहिले काही दिवस कडेकडेनं चकरा मारायची. मग थांबायला लागली. मग एका सकाळी पेपराच्या वरच्या कडेवर गरम श्वास आला आणि पान ओलं झालं. मी मान वर केली नाही. पान उलटलं आणि वाचत राहिलो, जरी एक अक्षर डोक्यात शिरत नव्हतं.

त्यानंतर तिला मी साधी दोरीची म्होरकी घातली, तोंडात काही नाही. चालायला शिकवलं, थांबायला शिकवलं. अंगावर खोगीर घेऊ लागली. पण दोन गोष्टी तिला अजिबात सहन होत नव्हत्या. एक, कुणी तिच्या कपाळाकडं हात नेला की ती मागं सरायची. वरातीत तिथं कलगी, आरसे, दिवे बांधत असतील. दुसरी, वाजंत्री. रस्त्यावरून डीजे लावलेला ट्रॅक्टर गेला की तिच्या अंगाला घाम सुटायचा.

याच दिवसांत भाभी आल्या.

जालन्याच्या बियाण्यांच्या व्यापारातलं मोठं मारवाडी घर. पिढ्यान्‌पिढ्या इथंच राहिलेलं, बोलणं आमच्यासारखंच. त्या एकट्या गाडी घेऊन आल्या होत्या, ड्रायव्हरला बाहेर थांबवून. मला वाटलं नातवंडांसाठी विचारायला आल्या असतील. त्यांनी डोक्यावरचा पदर नीट केला आणि म्हणाल्या, "मास्तर, मला घोड्यावर बसायला शिकायचंय."

"तुम्हाला?"

"मलाच. बावन्न पूर्ण झाले. चालतं का?"

मी काही बोलायच्या आत त्यांच्या यजमानांचा, शेठजींचा फोन आला. नंबर कुणी दिला कुणास ठाऊक. "मास्तर, त्यांना गुडघ्याचा त्रास हाय. तुम्हीच समजावून सांगा बरं." भाभींना ते ऐकू गेलं. त्या हसून म्हणाल्या, "गुडघा कुणाचा हाय म्हणावं."

मी विचारलं, एवढं मनात का घेतलं? त्यांनी सरळ सांगितलं. त्यांच्या लग्नात नवरदेव घोडीवरून आले. सगळ्या मैत्रिणी खिडकीतून नवरदेव बघत होत्या. "मी घोडी बघत होते," त्या म्हणाल्या. "पांढरी होती. एवढ्या गर्दीत ती एकटीच शांत होती. तेव्हापासून मनात हाय. कुणी विचारलं न्हाई, म्हणून मी बोलले न्हाई. आता मीच विचारून राह्यले."

अशा माणसाला नाही म्हणणं मला जमत नाही. पण मी अट घातली. दोन आठवडे घोड्यावर बसायचं नाही. खरारा करायचा, खूर साफ करायचे, दोरी धरून चालवायचं. मला वाटलं होतं चार दिवसांत कंटाळतील. त्या आठवड्यातून तीनदा यायच्या, साडीऐवजी सलवार-कमीज घालून, केस घट्ट बांधून. माझ्याकडं एक म्हातारा पांढरा घोडा आहे, अश्वदलातून माझ्याबरोबरच निवृत्त झालेला. त्याचा खरारा करताना त्या त्याच्याशी बोलायच्या. भाजी काय केली, सून काय म्हणाली. सोळा माणसांच्या घरात तीस वर्षं राहिलेल्या बाईला थांबण्याची सवय असते. माझ्याकडं येणाऱ्या तरण्याताठ्या पोरांत ती नसते.

पांढऱ्या घोड्यावर त्यांना बसवलं तेव्हा पहिली चूक सगळ्यांसारखीच झाली. घोडा चालावा म्हणून टाच लावत होत्या आणि भीतीनं लगामही ओढून धरत होत्या. घोडा जागेवर उभा राहून मान हलवायला लागला.

"भाभी, तुम्ही त्याला चल बी म्हणून राह्यले आन थांब बी."

त्यांनी थोडा विचार केला. "आमच्या घरात सगळे मला असंच बोलतात," म्हणाल्या, आणि हात सैल सोडले. घोडा चालू लागला. त्या रडल्या नाहीत, ओरडल्या नाहीत. फक्त एक पूर्ण फेरी होईपर्यंत श्वास घ्यायला विसरल्या. मला ओरडून सांगावं लागलं, "श्वास घ्या!"

चार महिन्यांत त्यांची मांड बसली. मांड म्हणजे नुसतं घट्ट बसणं नव्हे. घोड्याच्या पाठीचं हलणं आपल्या कमरेत घेणं आणि बाकी अंग शांत ठेवणं. दुडक्या चालीत पोरं उसळून उसळून पडतात. भाभी पिठाचा डबा डोक्यावर ठेवून जिना चढल्यासारख्या बसायच्या. गुडघ्याचं विचारलं तर म्हणायच्या, "त्याला पण सांगितलंय, एका वेळी एकच तक्रार कर."

मग तो दिवस आला, ज्याची मला आजही लाज वाटते. पण सांगितला नाही तर बाकीचं खरं वाटणार नाही.

शेताच्या वाटेवर एक छोटी मोरी आहे. कुमैत घोडीला मी मोरीवरून नेत होतो. शेजारच्यानं पाइपावर निळी ताडपत्री टाकली होती, ती वाऱ्यानं फडफडत होती. घोडी थांबली. एरवी मी थांबलो असतो. पण त्या दिवशी माझं डोकं दुसरीकडंच होतं. सकाळपासून मोटार जळाल्याचा वैताग, वरून ऊन. मी दोरी खेचली. ती मागं सरली. मी ओरडलो, "चल!" पुन्हा खेचली, पुन्हा ओरडलो. घोडी मागच्या पायांवर उभी राहिली, दोरी माझा हात सोलत निघून गेली आणि ती चौखूर उधळून थेट सोयाबीनमध्ये.

तिला पकडायला अर्धा तास लागला. त्यानंतर सात दिवस तिनं मला जवळ येऊ दिलं नाही. बादली ठेवली, पेपर घेतला, सगळं केलं. ती रिंगणाच्या दुसऱ्या टोकाला पाठ करून उभी.

भाभी त्या दिवशी बांधावर उभ्या होत्या. त्यांनी सगळं पाहिलं होतं. आठवडाभर काही बोलल्या नाहीत. मग एका सकाळी मी तसाच बादलीवर बसलेलो असताना कुंपणापाशी येऊन म्हणाल्या, "मास्तर, एक विचारू? राग न्हाई ना येणार?"

"विचारा."

"त्या दिवशी तुम्ही तिला काय सांगत होते? तोंडानं चल म्हणत होते, आन दोरी तर तिच्या तोंडापाशी खाली ओढून धरली होती, थांब म्हणल्यासारखी. मला बी समजलं न्हाई. तिला कसं समजावं?"

माझे कान गरम झाले. बावीस वर्षांच्या नोकरीत ज्यांना शिकवलं त्यांच्यापैकी कुणी मला असं बोललं नव्हतं. बोलायची कुणाची हिंमतही नव्हती. आणि बाई बिलकुल बराबर बोलत होती. उस्ताद असते तर हेच म्हणाले असते, फक्त दख्खनीत.

"चूक माझी हाय," मी म्हणालो.

"मला न्हाई, तिला सांगा."

"तिला सांगायला तोंड न्हाई राह्यलं सध्या. तुम्हीच जाऊन बघा."

भाभी आत गेल्या. घोडीकडं सरळ गेल्या नाहीत. अर्ध्यात थांबल्या, अंग तिरकं केलं, हात खाली सोडले आणि काहीतरी गुणगुणत उभ्या राहिल्या. घरात देवपूजेला गुणगुणतात तसं. दहा मिनिटं झाली असतील. घोडी वळली. एकेक पाऊल टाकत आली आणि भाभींच्या खांद्याचा वास घेतला. भाभींनी तिच्या मानेवर हात ठेवला, कपाळाला हात लावायच्या भानगडीत पडल्या नाहीत. त्या क्षणी मी ठरवलं, ही घोडी भाभींची. मालकीनं नव्हे, बसायला. घरी जाऊन बायकोला सांगितलं तर ती म्हणाली, "अहो, शिष्या तुमच्या पुढं गेली म्हणून तोंड एवढं का उतरलंय?" मी म्हणालो, उतरलेलं नाही. आणि खरंच उतरलेलं नव्हतं. ऊर भरून आला होता, फक्त ते दाखवायचं कसं ते कळत नव्हतं.

मलाही घोडीनं हळूहळू परत घेतलं. वेळ लागला, तो लागायलाच पाहिजे होता.

राहिली वाजंत्री. त्यासाठी मी गावातल्या हलगीवाल्या मामांना बोलावलं. त्यांना रिंगणापासून शंभरेक पावलं लांब, बाभळीखाली उभं केलं आणि सांगितलं, वाजवा. भाभी घोडीवर बसलेल्या. हलगी वाजली की घोडीची मान ताठ, कान टोकदार. आम्ही काही करायचं नाही, फक्त थांबायचं. मान थोडी, अगदी बोटभर खाली आली की मी हात वर करायचो आणि मामा त्या क्षणी वाजवणं बंद करायचे. पहिल्या दिवशी असं तीनदाच जमलं. मामा वैतागून म्हणाले, "पन्नास वर्षं वाजवून राह्यलो, पण वाजवणं थांबवायला कुणी पहिल्यांदाच बोलावलं."

आठवड्याभरात घोडीच्या ध्यानात आलं. मान खाली घातली की आवाज थांबतो. म्हणजे आवाज तिच्या हातात आहे. आजवर तिला कुणी हे सांगितलंच नव्हतं, की तिचं म्हणणं ऐकलं जाऊ शकतं. ज्या दिवशी तिला ते कळलं त्या दिवसापासून तिची भीती ओसरायला लागली. मामा दर आठवड्याला दहा पावलं पुढं सरकायचे. दिवाळीपर्यंत ते रिंगणाच्या कुंपणाला टेकून वाजवत होते आणि घोडी त्यांच्या झोळीत तोंड घालून भाकरी शोधत होती.

पुढं भाभींच्या मुलीचं लग्न ठरलं. त्यांच्यात लग्नाआधी नवरीची बिंदोरी निघते, नवरी घोडीवर बसून वाजतगाजत. मुलगी म्हणाली, मी मास्तरांच्या पांढऱ्या घोड्यावर बसणार, आणि आई शेजारी कुमैतवर पाहिजे. मी नाही म्हणालो. शेतातली हलगी वेगळी आणि जालन्याच्या गल्लीतला बँड वेगळा. भाभी म्हणाल्या, "अटी सांगा."

मी अटी सांगितल्या. फटाके नाहीत. घोड्यांच्या डोक्याला काही बांधायचं नाही. म्होरकीच राहील, लोखंड नाही. आणि भाभींचा हात वर झाला की बँड जागेवर बंद. बँडच्या म्होरक्यानं माझ्याकडं वेड्यासारखं पाहिलं, पण शेठजी समोर होते म्हणून हो म्हणाला.

संध्याकाळी ऊन कलल्यावर बिंदोरी निघाली. पांढऱ्या घोड्यावर लाल वेषातली नवरी, त्याची दोरी माझ्या ओळखीच्या एका जुन्या स्वाराच्या हातात. शेजारी भाभी, हिरवी ओढणी कमरेला बांधून. मी दहा पावलं मागं. गच्च्यांवरून बायका वाकून बघत होत्या. दोन गल्ल्या छान गेल्या. तिसऱ्या वळणावर कुणीतरी हौशी नातेवाइकानं फटाक्यांची लड लावलीच.

कुमैत घोडी जागेवर थरथरली. मान आभाळाला लागली. मी पुढं धावलो. भाभींनी मान न वळवता डावा तळहात मागं केला, थांबा म्हणून. मी थांबलो. आयुष्यात मला कुठला हुकूम इतका अवघड गेला नसेल. लड संपली, पण बँड वाजतच होता. भाभींनी दोरी ओढली नाही, टाच लावली नाही, तोंडातून शब्द काढला नाही. फक्त बसल्या, पाठ सैल ठेवून. माझ्या जागेवरून मला त्यांचा श्वास दिसत होता. एक, दोन, तीन. घोडीची मान बोटभर खाली आली. मग आणखी खाली.

भाभींचा हात वर गेला. बँड थांबला.

सगळी बिंदोरी थांबली. दोन-अडीचशे माणसं, सनईवाले, ताटं घेतलेल्या बायका. एवढी शांतता त्या बाजाराच्या गल्लीत मी कधी ऐकली नव्हती. मागून एक काका ओरडले, "काय झालं? चला ना जल्दी, पाहुणे वाट बघून राह्यले!"

शेठजी पुढं होते. ज्यांनी मला गुडघ्याचा फोन केला होता, तेच. ते वळले आणि म्हणाले, "थांबा हो. घोडी सांगंल तेव्हा निघायचं."

घोडीनं ओठ चाटले, मोठा सुस्कारा सोडला, अंग झटकलं. भाभींनी बँडवाल्याकडं बघून मान हलवली, आधी हळू म्हणून. क्लॅरिनेट एकटंच सुरू झालं. भाभींनी फक्त नजर पुढं केली आणि घोडी चालू लागली, नाचत नाही, चालत. मी मागं उभा राहून डोळे पुसत होतो, तेवढ्यात एक पाहुणे म्हणाले, "कुणी शिकवलं हो या बाईंना?" मी म्हणालो, "मी शिकवलं." मग जरा थांबून म्हणालो, "त्यांनीबी मला शिकवलं." दुसरं वाक्य त्यांनी ऐकलं की नाही माहीत नाही. पहिलं मात्र मी चांगलं मोठ्यानं म्हणालो होतो.

आता दर रविवारी माझ्या रिंगणात सात बाया येतात. भाभींच्या दोन जावा, एक अंगणवाडीच्या ताई, परतूरच्या शाळेतल्या एक मॅडम, बाकीच्या आसपासच्या गावांतल्या. त्यांना भाभी शिकवतात. मागच्या रविवारी मी कुंपणाबाहेर चहा घेऊन बसलो होतो. मॅडम पांढऱ्या घोड्यावर होत्या आणि घोडा हलत नव्हता. भाभी शेजारी उभ्या राहून सांगत होत्या, "घाई न्हाई. आधी तुम्ही ठरवा, तुम्हाला त्याला काय सांगायचंय. मंग तेवढंच सांगा." मॅडमनी ठरवलं. घोडा निघाला. दोन तास झाले, चहाचे दोन कप संपले, तरी मला कुणी एकदाही हाक मारली नाही.